ख्रिसमस गावातलं रेस्टॉरंट मधेच विझतं, पुन्हा लागतं: बल्ब बदलण्याआधी होल्डर बघा

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग झालं की माळ्यावरचे खोके खाली येतात, टेबलावर पांढरी चादर पसरली जाते आणि आतून दिवा लागणाऱ्या छोट्या शोभेच्या घरांचं ख्रिसमसचं गाव उभं राहतं. त्यानंतरच्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. चर्च लागलंय, स्टेशन लागलंय, बेकरी लागलीय. रेस्टॉरंट मात्र लागतं, पाच-दहा मिनिटांनी विझतं, हात लावला की पुन्हा लागतं. नवा बल्ब टाकला की दोन दिवस बरं चालतं, मग परत तेच. मागच्या वर्षीही हेच झालं होतं.

उत्तर आधीच सांगतो. लक्षण असं असेल तर बहुतेक वेळा बल्ब निर्दोष असतो. होल्डरच्या तळाशी पितळेची एक छोटी पत्ती असते, ती दबलेली असते. नवा बल्ब बसवताना आपण तो जरा जोर लावून फिरवतो, त्याचं टोक कसंबसं पत्तीला टेकतं, दिवा लागतो आणि वाटतं की जुना बल्बच गेला होता. त्याच जोराने पत्ती आणखी खाली बसते. दर वेळी बल्ब बदलून आपण दुखणं वाढवत असतो.

हे रेस्टॉरंटच्याच वाट्याला का येतं? होल्डर सगळ्या घरांना सारखाच असतो. पण चर्चच्या किंवा घराच्या खिडक्या लहान, त्यामुळे तिथला दिवा क्षणभर मिटला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. रेस्टॉरंटला दर्शनी भागात मोठमोठ्या काचा असतात, आत जेवायला बसलेली माणसं दिसतात, वर पाटी असते. जरा लुकलुकलं तरी खोलीच्या पलीकडून दिसतं. शिवाय पाटीचा दिवा वेगळा असला तर बिघडायला दुसरी जागा तयार होते.

आधी घर उलटं करून बघा

ही घरं दोन जातींची असतात आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

पहिली जात म्हणजे चिनी मातीची जुन्या धाटणीची. डिपार्टमेंट ५६ या कंपनीने १९७६ साली सहा सिरॅमिक इमारतींपासून ‘ओरिजिनल स्नो व्हिलेज’ सुरू केलं, १९८४ मध्ये डिकन्सच्या काळातलं गाव आणलं, आणि तेव्हापासूनची असंख्य घरं आजही लोकांकडे चालू आहेत. यांत घराला स्वतःची वायरिंग नसते. मागे किंवा तळाला एक गोल भोक असतं. त्यात स्प्रिंगच्या क्लिपने धरलेला होल्डर बसतो, होल्डरला वायर, वायरवर बोटाने फिरवायच्या चाकाचा स्विच आणि टोकाला चपट्या पिनांचा प्लग. बल्ब सी-७ आकाराचा, ई-१२ आट्यांचा, १२० व्होल्टचा. वॅट ४, ५ किंवा ७.

दुसरी जात कमी व्होल्टची. लेमॅक्स या कंपनीची बरीच घरं आणि हलते देखावे यात येतात. ४.५ व्होल्टचा अडॅप्टर किंवा तीन पेन्सिल सेल, आणि आत कायमचे बसवलेले एलईडी. यांना बल्ब नसतोच, त्यामुळे होल्डर शोधत बसू नका. त्यांच्याबद्दल पुढे आहे.

काही रेस्टॉरंटांत दोन्ही असतं. आतल्या दालनाला १२० व्होल्टचा बल्ब आणि छतावरच्या पाटीला वेगळा अडॅप्टर.

विझण्याची तऱ्हा ओळखा

पाच मिनिटं नुसतं बघत बसा, त्यात निम्मं काम होतं.

लागतं, तापल्यावर विझतं, थंड झालं की आपोआप लागतं: होल्डरची पत्ती. बल्ब तापला की पितळ आणि बल्बचं टोक किंचित प्रसरण पावतात, आधीच नावापुरतं असलेलं टेकणं सुटतं. गार झालं की पुन्हा टेकतं.

वायर हलवली की लुकलुकतं: आतली तार तुटलेली आहे. तुटण्याच्या ठरलेल्या जागा दोन, प्लगची मान आणि होल्डरची मान.

स्विचच्या चाकाला हात लावला की बदल होतो: स्विच झिजलाय.

शेजारची दोन-तीन घरंही त्याच क्षणी मिटतात: रेस्टॉरंटला दोष देऊ नका, एक्स्टेन्शन बोर्ड किंवा टायमर तपासा.

घड्याळ लावल्यासारखं ठरावीक अंतराने, सेकंद-दोन सेकंदांनी विझतं: हा बिघाडच नव्हे. सी-७ मध्ये लुकलुकणारे बल्ब वेगळे मिळतात. त्यांच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की वीज तुटते, थंड झाली की जुळते. दिसायला तो साध्या बल्बसारखाच असतो, आणि खोक्यात सुटे बल्ब एकत्र ठेवले की नेमका हाच हाताला लागतो. यापायी चांगल्या वायरी फेकल्या गेल्या आहेत, म्हणून आधी बल्बवरचा शिक्का वाचा.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर अदलाबदल करा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. बेकरीचा चालू बल्ब रेस्टॉरंटच्या होल्डरमध्ये लावा. तोही विझला तर बल्ब निर्दोष. मग बेकरीची अख्खी वायर रेस्टॉरंटच्या भोकात बसवा. आता नीट चाललं तर दोष वायरीत किंवा होल्डरमध्ये. बल्ब आणि वायर एकदम बदलली तर दिवा लागेल, पण बिघाड कुठे होता ते कळणार नाही, आणि ती बिघडलेली वायर पुन्हा खोक्यात जाऊन पुढच्या डिसेंबरात दुसऱ्या घराला लागेल.

पत्ती उचलण्याचं काम

प्लग भिंतीतून काढा. चाकाचा स्विच बंद केला म्हणजे झालं असं समजू नका. तो स्विच दोनपैकी एकच तार तोडतो. प्लगच्या दोन्ही पिना सारख्या रुंदीच्या असल्या आणि तो उलटा बसला असेल, तर स्विच बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. १२० व्होल्टचा झटकाही जीवघेणा ठरू शकतो.

बल्ब दहा मिनिटं निवू द्या. क्लिपचे दोन्ही पाय चिमटीत दाबून होल्डर सरळ मागे ओढा. वायरीला धरून ओढू नका, मान तिथेच तुटते. क्लिप घट्ट असेल तर घराला एका हाताने आतून आधार द्या. भोकाच्या कडेला चिनी मातीचा टवका उडणं ही या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट. वायर नवी मिळते, उत्पादन बंद झालेलं रेस्टॉरंट मिळत नाही.

बल्ब काढून टॉर्चच्या उजेडात होल्डरच्या आत बघा. कडेला आटे असलेलं धातूचं नळकांडं दिसेल, आणि तळाशी, मधोमध, नखाच्या टोकाएवढी पितळी पत्ती. चांगली पत्ती एका बाजूने अडकलेली आणि दुसऱ्या बाजूने वर उचललेली असते, जीभ किंचित बाहेर काढल्यासारखी. दबलेली पत्ती तळाला सपाट चिकटलेली दिसते. तिच्या मधोमध एक काळा ठिपका असतो, बल्बच्या टोकाएवढाच. टेकणं अर्धवट असलं की तिथे बारीक ठिणग्या उडतात आणि कार्बन धरतो. कार्बन धरला की टेकणं आणखी बिघडतं.

लाकडी टूथपिक घ्या. सुई, पिन, स्क्रूड्रायव्हर नको. प्लग काढलेला असला तरी धातूच्या टोकाने पत्ती ओरखडते किंवा मुळापासून तुटते. टूथपिकचं टोक पत्तीच्या सुट्या कडेखाली सरकवा आणि हळूच वर उचला. साधारण २ ते ३ मिलिमीटर पुरे. त्याहून जास्त उचलली तर बल्ब बसताना ती कडेला दुमडून आट्यांच्या नळकांड्याला लागू शकते, आणि मग सरळ शॉर्ट. उचलून झाल्यावर पत्ती आणि नळकांडं यांच्यात सगळीकडे फट दिसतेय ना, टॉर्चने पुन्हा बघा.

काळा ठिपका काढायला काडेपेटीच्या काडीच्या टोकाला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवा आणि दोन-चार वेळा घासा, पितळेचा पिवळा रंग दिसला की थांबा. बल्बच्या तळचं शिशाचं टोक साध्या खोडरबराने घासलं तरी चकचकीत होतं. मग ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन दोन्ही पुसा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. गंज सोडवायचं तेल होल्डरमध्ये मारू नका. त्याचा थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि बल्बच्या उष्णतेने करपते.

होल्डरमध्ये आणखी एक अनपेक्षित वस्तू सापडते: कृत्रिम बर्फ. गावावर वरून भुरभुरवलेले प्लॅस्टिकचे कण छताच्या किंवा मागच्या भोकातून आत पडतात आणि त्यातला एखादा नेमका पत्तीवर बसतो. होल्डर उलटा करून टिचकी मारा.

आता बल्ब परत बसवा. बोटांनी फिरवत न्या, टोक पत्तीला टेकल्याचं जाणवेल, तिथून पाव फेरा आणखी आणि बस. इथेच सगळी मेख आहे. घट्ट बसवला म्हणजे पक्का बसला, हे या होल्डरला लागू नाही. पत्तीला स्प्रिंगसारखं दाबायचं असतं, चेपायचं नसतं.

पत्ती उचलल्यावर लगेच पुन्हा खाली बसत असेल, किंवा हिरवी पडून खड्डे पडले असतील, तर तिच्यातला ताण संपला. ती वायर बाद करा. अमेरिकेत क्लिपसकट, स्विचसकट एक दिव्याची नवी वायर सहज मिळते, घेताना यूएलचा (अमेरिकेतल्या सुरक्षा चाचणीचा) शिक्का बघा. घर आणि वायर वेगवेगळे असल्याने घराला काहीच होत नाही. जुनं रेस्टॉरंट कधी विकायचं असेल तर मूळ वायर आणि मूळ खोका जपून ठेवा, संग्राहक विचारतात. पण प्लग लावायला वापरा नवी वायर.

बल्ब निवडताना होणाऱ्या चुका

अमेरिकेत झुंबराचे बल्बही ई-१२ आट्यांचे असतात, २५, ४०, ६० वॅटचे. ते या होल्डरमध्ये आरामात बसतात, आणि रेस्टॉरंट अंधारं वाटतं म्हणून कोणीतरी २५ वॅटचा लावतं. करू नका. बंद चिनी मातीच्या डब्यात ७ वॅटच्या साध्या बल्बलाही हात लावला तर चटका बसतो. खिडक्यांना आतून लावलेलं पारदर्शक प्लॅस्टिक फुगतं, पिवळं पडतं, गोंद सुटतो, आत बसवलेली माणसं वाकतात. जळकट वास आला तर त्याच क्षणी प्लग काढा. वरची मर्यादा ७ वॅट. घराच्या तळावर किंवा खोक्यावर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढीच.

रेस्टॉरंटसाठी आमची शिफारस सरळ एलईडीची आहे: सी-७, ई-१२, १२० व्होल्ट, अर्धा ते एक वॅट, रंग २७०० केल्विन. २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड. ५०००-६५०० चा पांढरा घेतला तर रेस्टॉरंटचा दवाखाना होतो. काच दुधी घ्या, पारदर्शक नको, कारण मोठ्या खिडकीतून बल्बचा तंतू थेट डोळ्यांत येतो आणि आतली माणसं दिसत नाहीत.

एलईडी लावल्यावर नवीच लुकलुक सुरू झाली तर टायमर किंवा डिमर संशयित. काही इलेक्ट्रॉनिक टायमरांना चालायला किमान काही वॅटचा भार लागतो. अर्ध्या वॅटचा दिवा त्यांना पुरत नाही, आणि बंद असतानाही थोडी वीज झिरपत राहते, म्हणून रात्री दिवा मंद धुगधुगताना दिसतो. आतून ‘टक’ असा आवाज करणारा रिलेचा टायमर घ्या, किंवा त्याच टायमरवर एखादं साध्या बल्बचं घर जोडून ठेवा.

मल्टिमीटर असेल तर: थंड ७ वॅटच्या साध्या बल्बचा रोध साधारण २०० ओहमच्या आसपास दिसतो. पेटल्यावर तो २००० च्या घरात जातो, म्हणून मोजणी थंडच करायची. काहीच वाचन नाही म्हणजे तंतू तुटला. एलईडी बल्ब मात्र असा तपासता येत नाही. चांगला असूनही मीटर काही दाखवणार नाही, आणि तेवढ्यावरून तो फेकला जातो.

वायर, स्विच, बोर्ड

चाकाचा स्विच दहा-पंधरा वेळा मागेपुढे फिरवा. वर्षभर पडून राहिल्याने आतल्या पट्ट्यांवर मळ धरतो, तो बऱ्याचदा एवढ्यानेच निघतो. तरी अडला तर वायर बदला. स्विच उघडून आतल्या पट्ट्या वाकवत बसण्यात अर्थ नाही.

वायरीची आतली तार तपासायला मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तार सलग असली की आवाज करणाऱ्या खुणेवर, ठेवा. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं होल्डरच्या पत्तीला किंवा नळकांड्याला. मग वायर इंचाइंचाने वाकवत जा. आवाज तुटला की जागा सापडली. प्लगच्या मानेशी तुटलेली वायर कापून नवा प्लग लावता येतो. त्यात एक लक्षात ठेवायचं: या चपट्या जोडवायरीची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीवर बारीक उभ्या रेघा असतात. रेघांची तार न्यूट्रल, ती रुंद पिनेकडे. उलट जोडली तर होल्डरचं नळकांडं, म्हणजे बल्ब बदलताना बोट लागणारा भाग, जिवंत राहतं. होल्डरच्या मानेशी तुटली असेल तर मात्र दुरुस्ती नको, अख्खी वायर नवी.

बोर्डावर भार किती पडतो याची भीती उगाच असते. ७ वॅटची ३० घरं म्हणजे २१० वॅट. अमेरिकेतला १५ अँपिअरचा बोर्ड १८०० वॅटचा असतो. खरी अडचण भोकांच्या संख्येची असते, म्हणून लोक एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा खोचतात. तसं करू नका. टेकणाऱ्या जागा वाढल्या की सैल जागाही वाढतात, आणि सगळा भार पहिल्या बोर्डाच्या एका भोकातून जातो. जास्त भोकांचा एकच बोर्ड घ्या. तो पांढऱ्या चादरीखाली पुरू नका.

कमी व्होल्टचं रेस्टॉरंट आणि पाटीचा दिवा

पाटी मंद, आतली माणसं मंद, सगळंच मंद: बहुधा रिचार्जचे सेल घातलेत. साधे तीन सेल मिळून ४.५ व्होल्ट देतात, रिचार्जचे तीन मिळून ३.६. पांढऱ्या एलईडीलाच तीन व्होल्टच्या आसपास लागतात, वर रोधकासाठी काही उरत नाही. लाल पाटी ठीक दिसते आणि पांढरे दिवे मरगळलेले, हे याचं खास लक्षण. लाल एलईडीला दोन व्होल्ट पुरतात.

सेलच्या खणात पांढरी पूड दिसली तर सेल पाझरलेत. अल्कलाइन सेलमधून येणारं द्रव्य क्षारधर्मी असतं, हातमोजे घाला. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, फसफसणं थांबलं की अल्कोहोलने पुसून कोरडं करा. स्प्रिंग काळीठिक्कर पडली असेल तर पॉलिश पेपर फिरवा.

अडॅप्टरवर चालणाऱ्या घरात फिरती स्केटिंगची तळी किंवा आगगाडी एकाच अडॅप्टरच्या दुसऱ्या शेपटीला जोडलेली असेल, तर मोटर सुरू होताना दिवे दबतात. घरांवर लिहिलेले मिलिअँपिअर बेरीज करा. ती अडॅप्टरच्या आकड्याच्या आत हवी, आणि काठोकाठ नको. त्याहून बरं म्हणजे मोटरीला वेगळा अडॅप्टर.

हरवलेल्या अडॅप्टरऐवजी दुसरा लावताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट, डीसी आहे ना, आणि पिनेची दिशा. लेबलवर एक वर्तुळ आणि मधे ठिपका असं चित्र असतं. ठिपक्याकडे अधिक असेल तर आतली पिन अधिक. जुने जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेले अडॅप्टर ४.५ लिहूनही भार कमी असताना ६ च्या वर देतात. एकट्या पाटीचे दोन एलईडी त्यावर लावले तर जळू शकतात. मीटरने मोजून मगच जोडा.

पाटीचा एक एलईडी मेला असेल आणि सोल्डर करता येत असेल तर नवा ३ मिलिमीटरचा लावा, प्रत्येकाला स्वतःचा रोधक देऊन. १० मिलिअँपिअर धरून ४.५ व्होल्टवर पांढऱ्याला १५० ओहम, लालला २७०. यूएसबीच्या ५ व्होल्टवर पांढऱ्याला २२०, लालला ३३०. पाव वॅटचा रोधक भरपूर झाला. पाटी मुळात उघडझाप करणारी असेल तर छोट्या सर्किटला वळसा घालू नका, एलईडी त्याच जागी लावा. पाटीच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि छतातून बाहेर येतात तिथेच तुटतात, कारण खोक्यात भरताना पाटीला धरून घर उचललं जातं.

अमेरिकेहून आणलेलं रेस्टॉरंट पुण्यात, मुंबईत, गोव्यात लावताना

चपट्या पिना आपल्या बोर्डात बसवणारा छोटा जोड फक्त पिनांचा आकार बदलतो, वीज २३० व्होल्टचीच राहते. १२० चा बल्ब त्यावर लावला तर त्यातून दुपटीच्या जवळ वीज जायला बघते आणि शक्तीची मागणी साडेतीनपटीच्या पुढे. एक झगझगीत लखलखाट आणि तंतू तुटतो, काच तडकूही शकते. ‘दर वेळी बल्ब जातो’ अशी तक्रार भारतातून आली की आधी हेच विचारावं. इथला झिरोचा बल्ब पिनवाल्या होल्डरचा, झुंबराचा बहुधा ई-१४, दोन्ही ई-१२ मध्ये बसत नाहीत. बसणारा २३० चा बल्ब मिळाला तरी होल्डर, स्विच आणि वायर १२५ व्होल्टसाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे तो मार्ग नको.

कमी व्होल्टच्या घराचा अडॅप्टर हातात घेऊन लेबल वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर पिनांचा जोड लावून बिनधास्त वापरा. नुसतं १२० आणि ६० हर्ट्झ असेल तर तो इथे लावायचा नाही.

१२० च्या घराला एक मार्ग म्हणजे २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर. दहा घरांना १०० व्हीए पुरतो. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर घेऊ नका, तो विजेच्या लहरी छाटून काम भागवतो आणि एलईडी व अडॅप्टर त्यावर बिघडतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे घरात एसीवर फिरणारी मोटर असेल तर ती ६० ऐवजी ५० वर चालते. मिनिटाला ६ फेरे घेणारी चकती ५ घेईल आणि मोटर जरा जास्त तापेल.

सोपा आणि आमच्या मते योग्य मार्ग वेगळा आहे. मूळ वायर काढून खोक्यात ठेवा आणि भोकातून ५ व्होल्टची यूएसबी एलईडी पट्टी सोडा. मीटरला ६० एलईडी असलेली उबदार रंगाची पट्टी, १५ सेंटिमीटर कापली की ९ एलईडी येतात. कात्रीच्या खुणेवरच कापा. फोनचा कोणताही चार्जर पुरतो. पॉवर बँकेवर लावली आणि अर्ध्या मिनिटात विझली तर पट्टी बिघडलेली नाही. भार फार कमी दिसला की पॉवर बँक स्वतःला बंद करते. पट्टी लांब ठेवा किंवा दोन-तीन घरं एकत्र जोडा.

ही पट्टी अमेरिकेतही एका दुखण्यावर उत्तम चालते. रेल्वेच्या डब्यासारखं लांबट डायनर असेल तर मागच्या मधल्या भोकातला एक बल्ब फक्त मधली टेबलं उजळतो, दोन्ही टोकं काळोखात राहतात. पट्टी छताला आतून, दर्शनी भिंतीच्या वरच्या कडेला चिकटवा, एलईडी मागच्या भिंतीकडे वळवून. उजेड भिंतीवरून परत येतो आणि माणसांच्या चेहऱ्यावर पडतो. खिडकीतून ठिपके दिसत असतील तर पट्टीवर बटर पेपरची एक घडी लावा. साधा बल्ब वापरत असाल तर आत कागद अजिबात नको. चांदीचा कागद तर होल्डरजवळ कधीच नको.

मांडताना आणि आवरताना

कापसासारख्या पांढऱ्या चादरीला वायरीपुरती चीर द्या आणि होल्डर तिच्या वर, मोकळ्या हवेत राहील असं बघा. दिवाळीच्या किल्ल्यात मातीखालून वायर नेताना जोड मातीत पुरत नाही, तसंच हे. घर भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा, नाहीतर वायर मानेतच काटकोनात वाकते. त्याच टेबलावर आगगाडी धावत असेल तर तिच्या कंपनाने बल्ब आठ-दहा दिवसांत सैल होतो. प्लग काढून, बल्ब निवू देऊन पाव फेरा, एवढंच.

६ जानेवारीनंतर आवरताना बल्ब होल्डरमधून पूर्ण काढा. पत्तीवरचा दाब गेला की तिचा ताण टिकतो, आणि पुढच्या वर्षी या सगळ्या खटाटोपाची गरज सहसा पडत नाही. वायर क्लिपभोवती आवळून गुंडाळू नका, तळहाताएवढे सैल वेटोळे करून कागदी पट्टीने बांधा. सेल काढा, अडॅप्टरवर घराचं नाव लिहून चिकटवा, लुकलुकणारे बल्ब वेगळ्या पिशवीत ठेवा. अमेरिकेतल्या माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते, तिथे प्लॅस्टिकच्या खिडक्या वाकतात, म्हणून घरातलं कपाट बरं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पितळ हिरवं पडतं, तिथे खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि गणपतीच्या आराशीसाठी वायरी बाहेर काढाल तेव्हा हा खोकाही एकदा उघडून हवेवर ठेवा.